खेळाचा पट आणि खेळणाऱ्याची साक्ष

श्रोतेहो, आपल्या गावातले किंवा शेजारच्या गावातले एखादे जुने देऊळ डोळ्यांपुढे आणा. सभामंडपाच्या फरशीवर, नाहीतर बाहेरच्या ओट्यावर, छिन्नीने कोरलेली चौकोनी घरे किंवा वाटीएवढ्या खळग्यांच्या दोन रांगा आपण कधीतरी पाहिल्या असतील. तो खेळाचा पट होय. तो कोणी कोरला, त्यावर कोण बसत असे, हरणाऱ्याला काय द्यावे लागे, हे आता कोणाला विचारणार? बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावाने 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध झाला. राजाने कोणते विनोद व कोणत्या क्रीडा कराव्यात याचे त्यात पुष्कळ वर्णन आहे. पण ते राजाचे खेळ झाले. देवळाच्या ओट्यावर दुपार घालवणाऱ्या गुराख्याचा खेळ कोणी लिहून ठेवला नाही. दगड राहिला, खेळणाऱ्याचा आवाज मात्र गेला.

आज मी ज्या खेळांविषयी बोलणार आहे त्यांची गोष्ट नेमकी उलटी आहे. ते खेळ म्हणजे टेलिव्हिजनच्या पडद्यावर खेळायचे व्हिडिओ गेम. त्यांचा पट आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होत आहे आणि खेळणारे मात्र अजून आपल्या घरात, आपल्या शेजारी आहेत. कोणी म्हणेल, इतिहास शिकवणाऱ्या माणसाने लढाया आणि सनदा सोडून हे पोरखेळ कशाला उकरावेत? माझे उत्तर असे, की माणसाच्या आठवणीला पुरावा म्हणून किती किंमत द्यावी, हा इतिहासातला मोठा प्रश्न आहे आणि तो समजावून घ्यायला ह्या खेळांइतके सोपे उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

सुरुवातच पाहा. १९५८ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत पाहुण्यांसाठी प्रदर्शन होते. तेथील विल्यम हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञाला वाटले, की लोकांनी नुसती तक्ते आणि यंत्रे पाहून कंटाळून जाऊ नये. म्हणून त्याने एका लहानशा गोल पडद्यावर प्रकाशाचा ठिपका जाळ्यावरून इकडून तिकडे टोलवायचा टेनिसचा खेळ मांडला. लोकांनी रांगा लावल्या. पुढे ते यंत्र सुटे करून त्याचे भाग दुसऱ्या कामाला लावले गेले आणि खेळही विस्मरणात गेला. परंतु तो पाहून गेलेल्यांत डेव्हिड आहल नावाचा एक तरुण होता. तो पुढे संगणकविषयक मासिकाचा संपादक झाला आणि १९८२ साली त्याच्या मासिकाने ह्या खेळाची हकिकत छापली. म्हणजे बघा, पट मोडला होता. एका पाहणाऱ्याच्या आठवणीने तो इतिहासात परत आणला.

त्यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९६२ मध्ये मॅसेच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात स्टीव्ह रसेल व त्याच्या मित्रांनी मोठ्या संगणकावर अवकाशयानांच्या लढाईचा खेळ रचला. १९७२ मध्ये अटारी कंपनीचा 'पाँग' आला. नाणे टाकायचे आणि पडद्यावरचा चेंडू फळीने परतवायचा. पहिले यंत्र कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका दारूच्या गुत्त्यात ठेवले होते, आणि थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. ते बनवणारा ॲलन ॲल्कॉर्न दुरुस्तीला गेला. त्याने पुढे अनेकदा सांगितले, की यंत्रात काही बिघाड नव्हता. नाण्यांची पेटी काठोकाठ भरल्यामुळे ते अडले होते.

नाण्यांचा विषय निघाला आहे, तर दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहू.

पहिली गोष्ट जपानची. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो ह्याने रचलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' तेथे आला. परग्रहावरचे प्राणी रांगा करून खाली सरकतात आणि आपण खालून त्यांना टिपायचे. देशभर त्याचे असे वेड लागले, की १०० येनच्या नाण्यांची टंचाई पडली आणि सरकारला जादा नाणी पाडावी लागली, असे जगभर सांगितले जाते. गोष्ट मोठी गोड आहे. पण टांकसाळीचे आकडे पाहावेत तर १९७८ आणि १९७९ ह्या दोन्ही वर्षी ती नाणी १९७७ पेक्षा कमीच पाडली गेली. वेड खरे होते, टंचाईची कथा मात्र तोंडोतोंडी वाढलेली.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. 'ई. टी.' ह्या गाजलेल्या चित्रपटावर अटारीने १९८२ साली घाईघाईने, अवघ्या पाच-सहा आठवड्यांत एक खेळ तयार करवला. माल पडून राहिला आणि पुढच्या वर्षी तेथला हा धंदाच कोसळला. कंपनीने न खपलेल्या कॅसेटा ट्रकांनी नेऊन न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, आलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरल्या, असे लोक सांगत. त्या काळच्या वर्तमानपत्रांत बातमीही आली होती. तरी पुढे पुष्कळांना ती निव्वळ बाजारगप्प वाटू लागली. शेवटी २०१४ च्या एप्रिलमध्ये ती जागा खणली, आणि खाली खरोखरच कॅसेटा निघाल्या. फक्त 'ई. टी.' च्या नव्हेत, इतर खेळांच्याही.

एक गोष्ट सर्वांना खरी वाटत होती, ती टिकली नाही. दुसरी गप्प वाटत होती, ती जमिनीतून वर आली. शिक्षकबंधूंनी हे वर्गात जरूर सांगावे. ऐकीव गोष्टीवर आंधळा विश्वास ठेवू नये, आणि ऐकीव आहे एवढ्यासाठी ती फेकूनही देऊ नये. ताडून पाहावी.

बरे, हे खेळ आपल्याकडे कसे आले? जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' नावाचे घरगुती यंत्र विक्रीस आणले. शिगेरु मियामोतो ह्याचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ मध्ये त्याच यंत्रासाठी निघाला. टोपीवाला, मिशीवाला मारिओ उड्या मारीत राजकन्येला सोडवायला निघतो, तो हा खेळ. तैवान आणि चीनमध्ये ह्या यंत्राच्या बिनपरवाना नकला तयार झाल्या आणि नव्वदीच्या दशकात वेगवेगळ्या नावांची ही यंत्रे आपल्या तालुक्याच्या बाजारांपर्यंत पोचली. सोबत ना माहितीपुस्तक, ना कंपनीचा पत्ता. पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' असे छापलेले असे. प्रत्यक्षात थोडेसेच खेळ नावे आणि टप्पे बदलून पुन्हा पुन्हा येत. तरीसुद्धा माझ्या वयाचा कोणीही गृहस्थ आज छातीवर हात ठेवून सांगेल, "आमच्याकडच्या कॅसेटमध्ये हजारो खेळ होते." आकडा छापील होता ना! छापलेले सारेच खरे नसते, हा धडा आम्हांला त्या कॅसेटनेच प्रथम दिला; आम्ही तो घेतला नाही एवढेच.

पुस्तक नव्हते, तेव्हा विद्या तोंडी चालली. मारिओच्या कोणत्या नळात शिरले म्हणजे नाण्यांची खोली लागते, हे एकाने दुसऱ्याला सांगायचे. 'काँट्रा' नावाचा दोन शिपायांचा खेळ होता. तो सुरू होण्यापूर्वी 'वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे' आणि मग दोन बटणे, अशी कळ दाबली की तिनाऐवजी तीस जीव मिळतात, हे आम्ही पाढ्यासारखे पाठ केले होते. मामाकडे मुंबईला जाऊन आलेल्या एका मुलाने ते आणले, म्हणून आम्ही त्याला मुंबईचा मंत्र म्हणत असू. ही कळ मुळात काझुहिसा हाशिमोतो ह्या जपानी रचनाकाराने १९८६ च्या 'ग्रॅडियस' ह्या दुसऱ्याच खेळात, स्वतःला तो अवघड जाऊ नये म्हणून घातली होती, हे मला पस्तिशीनंतर कळले. जपानमधला मंत्र विनापुस्तक, विनागुरू आमच्या एस. टी. स्टँडपर्यंत आला, ह्याचे नवल वाटते.

अशा तोंडी विद्येत भ्रमही मिसळतात. कॅसेट चालेना की तिच्या तोंडाशी फुंकर मारायची, ही रीत आमच्या गावात होती आणि गंमत म्हणजे अमेरिकेतही होती. दोन्हीकडच्यांची खात्री, की फुंकरीने काम होते. वस्तुतः कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्याने तिचे टोक जुळत असे. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट धातू गंजण्याचा धोका. निन्टेंडोने स्वतःच पुढे फुंकर मारू नका असे सांगितले. कोट्यवधी साक्षीदार एकमुखाने बोलले तरी कारण चुकीचे असू शकते, ते असे.

आता घरची गोष्ट सांगतो. इतिहासाच्या माणसाने दुसऱ्यांच्या आठवणी तपासाव्यात आणि आपली झाकून ठेवावी, हे बरे नव्हे.

१९९४-९५ साल. मी सातवीत, धाकटा भाऊ पाचवीत, ताई नववीत. आमचे वडील, म्हणजे अण्णा, एस. टी. मध्ये कंडक्टर. स्टँडाच्या पलीकडे एका खोलीत दोन टेलिव्हिजन मांडून व्हिडिओ गेमचे दुकान निघाले होते. तीन जीव संपेपर्यंत एक रुपया, असा दर. मुंबईचा मंत्र म्हणून तीस जीव घेतले तर दुकानवाले काका दोन रुपये लावीत. चपला दारात काढायच्या, आत सतरंजीवर बसायचे. मला मारिओ प्रिय, भावाला काँट्रा. रोज एक रुपया कोठून आणायचा?

अण्णा दोन फेऱ्यांच्या मध्ये जेवायला घरी येत, तेव्हा त्यांची चामडी पिशवी खुंटीला असे. एका दुपारी मी तिच्यातून रुपयाची पाच नाणी काढली. रात्री अण्णा आईला म्हणाले, "आज हिशेबात पाच रुपये कमी आले, खिशातून भरले." दुसरे काही बोलले नाहीत. त्या रात्री मी जेवलो नाही. पुन्हा कधी पिशवीला हात लावला नाही, आणि हे कोणाला सांगितलेही नाही. तीस वर्षे ही गोष्ट माझ्याजवळ होती.

मागच्या दिवाळीत आम्ही भावंडे एकत्र जमलो होतो. भावाने मुलीला दाखवायला म्हणून जुने यंत्र कोठूनतरी पैदा केले होते; सोबत बदके टिपायची बंदूक. नव्या चपट्या टेलिव्हिजनवर यंत्र कसेबसे चालले, पण बंदूक काही केल्या चालेना. त्याचे कारण असे. घोडा दाबला, की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या तोंडातला डोळा तो उजेड टिपतो. ही सारी मोजणी जुन्या काचेच्या नळीच्या टेलिव्हिजनवर, किरण ज्या क्षणी रेघा ओढतो त्या क्षणाला बांधलेली आहे. नवा पडदा किंचित उशिरा आणि वेगळ्या रीतीने चित्र दाखवतो, म्हणून बंदूक आंधळी होते. पट नाहीसा होतो आहे असे मी म्हणालो, ते हेच.

खेळ बंद पडला म्हणून गप्पा सुरू झाल्या, आणि भाऊ हसत हसत म्हणाला, "दादा, एक सांगायचं राहून गेलंय. अण्णांच्या पिशवीतनं मी एकदा पाच रुपये काढले होते. रात्री अण्णा म्हणाले पाच कमी आले, आणि माझ्या पोटात गोळा आला."

मी गारच झालो. तेच पाच रुपये, तीच रात्र, तेच वाक्य. मी म्हणालो, "अरे, ते मी काढले होते!" दोघांचे बराच वेळ चालले. प्रत्येक जण गुन्हा आपल्याकडे ओढतो, असा खटला कोणत्या न्यायालयात चालला असेल? शेवटी आम्ही अण्णांनाच विचारले. ते ऐकत बसले होते. म्हणाले, "पाचाचं मला काही आठवत नाही. पण तुम्ही तिथं बसायचात हे ठाऊक होतं. गाडी मागं घेताना शिट्टी वाजवायला मी खाली उतरायचो, तेव्हा त्या खोलीच्या दारात तुमच्या चपला दिसायच्या."

मी विचारले, "अण्णा, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? सुट्ट्या पैशापायी रोजच पाच-दहा इकडचं तिकडं व्हायचं. त्यातलं तुमचं कुठलं आणि उताऱ्याचं कुठलं, कसं ओळखायचं? खात्री नसताना लेकराला चोर म्हणायचं होय?"

श्रोतेहो, पुराव्याचा हा नियम मला एम. ए. च्या वर्गात शिकवला होता. घरात तो आधीपासून पाळला जात होता, हे तेव्हा उमजले नाही. आमच्या दोघांत कोण खरा, हे आता ठरणार नाही. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी पैसे काढले असतील आणि दोन रात्रींची एक रात्र झाली असेल. मी माझ्या टिपणात दोन्ही जबान्या लिहून ठेवल्या आहेत; एक खोडून दुसरी ठेवलेली नाही.

तेवढ्यात ताई बोलली. ती म्हणाली, "तुमचं हे 'आमच्या लहानपणी सगळे मारिओ खेळायचे' नेहमी ऐकते मी. सगळे म्हणजे कोण रे? आई मला तुम्हांला बोलवायला पाठवायची. मी दारात उभी राहायची. मुलींनी आत जायची पद्धत नव्हती. मला तुमच्या पाठी दिसायच्या आणि गाणं ऐकू यायचं." आणि तिने ते संगीत, कोजी कोंदो ह्याने मारिओसाठी केलेले, पहिल्यापासून शेवटपर्यंत गुणगुणून दाखवले. आम्हा दोघांना ते अर्ध्यावर अडते. आमचे डोळे पडद्यावर होते. तिच्या वाट्याला फक्त सूर आले, म्हणून ते तिच्याजवळ पुरते राहिले.

ताईचा स्वतःचा खेळ वेगळा. काही वर्षांनी जत्रेत हातात मावणारी, वरून पडणाऱ्या विटा रचायची छोटी यंत्रे विकायला आली, त्यांतले एक तिने साठवलेल्या पैशांतून घेतले. ते अंगणात, चुलीपुढे, कोठेही खेळता येई. कोणाच्या दुकानात जावे लागत नसे. तो खेळ १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव्हने रचला. त्याचे नाव 'टेट्रिस'. चार चौकोनांचे सात प्रकारचे तुकडे, बस्स एवढेच साहित्य. जगभर तो खपला, परंतु कर्त्याला त्याचे हक्क व मोबदला १९९६ पर्यंत मिळाला नाही. मॉस्कोच्या त्या माणसाला आणि जत्रेत पैसे मोजणाऱ्या माझ्या बहिणीला एकमेकांची काही खबर नव्हती. आमच्या गावचा व्हिडिओ गेमचा इतिहास मी एकट्याने लिहिला असता, तर त्यात ताई नसती, आणि हा खेळही नसता.

आता प्रश्न उरतो तो कामाचा. अमेरिकेत रोचेस्टर येथे खेळांचे मोठे संग्रहालय आहे; तेथे २०१५ पासून निवडक व्हिडिओ गेमांना मानाचे स्थान दिले जाते. आणि तरी २०२३ साली झालेल्या एका पाहणीत असे आढळले, की २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज सरळ बाजारातून मिळत नाहीत. मूळ कंपन्यांच्या देशात ही अवस्था, तर आपल्याकडच्या निनावी कॅसेटांची काय कथा! त्या भंगारात गेल्या. ज्या राहिल्या त्या माळ्यावर गंजत असतील. देवळाच्या फरशीसारखे आठशे वर्षे टिकणारे त्यांत काही नाही. आहेत त्या आठवणी, आणि त्या सांगणारी माणसे पन्नाशीकडे चालली आहेत.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. आठवी-नववीच्या मुलांना सुट्टीत एक वही करायला सांगा. घरातल्या आणि शेजारच्या मोठ्या माणसांना विचारायचे: तुम्ही कोणता खेळ खेळत होता, कोठे, कोणाबरोबर? त्याला किती पैसे पडत, आणि ते कोठून येत? खेळायला कोणी शिकवले? आणि शेवटचा प्रश्न विसरू नये: तेथे कोणाला येऊ देत नसत? एकच गोष्ट दोघांना वेगवेगळे बसवून विचारावी. उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही लिहावीत. एखादी कॅसेट, एखादे छायाचित्र, दुकानाची जुनी पाटी सापडली तर तिच्याशी ताडून पाहावे. व्हिडिओ गेम नसेल तर विटीदांडू, सूरपाट्या, सागरगोटे, कोणताही खेळ चालेल. मुलाला आपोआप कळेल, की इतिहास म्हणजे नुसत्या राजांची यादी नव्हे, आणि आजोबा सांगतात तेवढेच अंतिम सत्य असेही नव्हे.

ह्या वर्षी मी माझ्या विद्यार्थ्यांना हे काम दिले, तेव्हा पहिली वही माझ्याच घरची भरली. अण्णांची साक्ष तिच्यात आहे, भावाची आहे, ताईची आहे. दुकानवाले काका आता हयात नाहीत. त्यांची जागा कोरी राहिली आहे. त्यांना विचारायला मी दहा वर्षांपूर्वी जायला हवे होते. आपल्या गावातल्या अशा माणसाकडे आपण ह्याच आठवड्यात जाऊन यावे, एवढेच मला आज सांगायचे होते.